इमारतीचा आराखडा आणि गावाची गरज

(जळगाव जामोद येथे प्राथमिक शिक्षकांपुढे करावयाच्या भाषणाचा मजकूर)



अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. पूर्णेचा काठ म्हणजे काळ्या मातीचा काठ. ओल लागली की पाय ठरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यात्रेकरूंना या निसरड्या उतारावरूनच पाण्यापर्यंत जावे लागे. १९०५ साली घर सोडून निघालेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, ज्यांना पुढे सर्व महाराष्ट्र गाडगे महाराज म्हणून ओळखू लागला, त्यांनी १९०८ च्या सुमारास लोकांच्या श्रमातून व देणग्यांतून येथे घाट बांधविला. गाडगे महाराजांना अक्षरओळख नव्हती आणि स्थापत्यशास्त्राशी तर त्यांचा काहीच संबंध नव्हता. परंतु माणसे कोठे घसरतात, हे त्यांनी पाहिले होते.

पुढे १९५६ साली देहावसान होईपर्यंत त्यांनी ठिकठिकाणी ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांच्या मुळाशीही हीच पाहण्याची सवय होती. पंढरपुरास हजारो वारकरी येत, धर्मशाळाही तेथे पुष्कळ होत्या. पण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला त्यांत जागा मिळत नसे. म्हणून चोखामेळा धर्मशाळा झाली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत खेड्यांतील रोग्यास खाट मिळे, परंतु त्याच्याबरोबर आलेल्या नातलगाने रात्र कोठे काढावी याचा विचार रुग्णालय बांधताना कोणी केलेला नसे. म्हणून त्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. या वास्तू शिल्पाच्या दृष्टीने डोळे दिपविणाऱ्या नाहीत. त्यांचे मोल असे की, ज्याला कोठेच जागा नव्हती त्याच्यासाठी जागा हवी, हे वीट रचण्यापूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आले होते.

तीच पूर्णा पश्चिमेकडे वाहत येऊन जळगाव जामोद तालुक्याच्या दक्षिणेच्या अंगाने पुढे तापीस मिळावयास जाते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा आणि या दोहोंच्या मध्ये उतरत गेलेली काळी जमीन, अशी या तालुक्याची ठेवण आहे. डोंगराच्या पायथ्याशी भिल, भिलाला, कोरकू, निहाल यांच्या वस्त्या आहेत. नदीच्या बाजूस खारपाणपट्टा आहे. येथील खेड्यात सार्वजनिक म्हणता येतील अशा इमारती मोजक्याच: ग्रामपंचायतीची कचेरी, एखादे देऊळ वा मशीद, समाजमंदिर, अंगणवाडी आणि शाळा. यांपैकी देवळात वा समाजमंदिरात जाण्यास कोणाला संकोच वाटतो, कोणाला पूर्वी वाटे आणि त्याची आठवण अद्याप बुजलेली नाही. शाळा मात्र सर्वांची. तिच्या उंबरठ्याशी जात विचारली जात नाही, निदान विचारली जाऊ नये असा कायदा आहे.

त्यामुळे शाळेच्या इमारतीवर गावाचा केवढा भार येऊन पडतो, याचा हिशेब कोणी तरी एकदा मांडावयास हवा. दिवसा वर्ग भरतात. मधल्या सुट्टीत तेथेच शेकडो ताटे वाढली जातात. निवडणूक आली की तेच मतदान केंद्र. लसीकरणाचे शिबिर तेथे, ग्रामसभेला समाजमंदिर पुरले नाही तर तीही तेथेच. आईबाप कामासाठी परगावी गेले की ज्या गावी हंगामी वसतिगृह चालते, तेथील मुले शाळेच्याच आसऱ्याला असतात. २०२० साली टाळेबंदीत शहरांतून परतलेल्या माणसांना महाराष्ट्रातील असंख्य खेड्यांनी गावाबाहेर थांबविले ते शाळेच्या खोल्यांतच. आणि जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन सातपुड्यातून उतरणारे नाले गावांत शिरले, त्या दिवशी घरात पाणी आलेल्या माणसाची नजर प्रथम गावातील कोणत्या उंच व पक्क्या जागेकडे गेली असेल, हे सांगावयास नको.

असे असूनही शाळेचा आराखडा होतो तो काही वर्गखोल्यांचा. अमुक लांबी, अमुक रुंदी, पुढे व्हरांडा. तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड जमिनीवर जी खोली, तीच खारपाणपट्ट्यात काळ्या जमिनीवर. हा दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नव्हे. ठराविक नकाशा वापरला म्हणजे अंदाजपत्रक लवकर होते, मंजुरी अडत नाही, लोखंड किती लागेल याची चूक होत नाही. हजारो खोल्या बांधावयाच्या असता दुसरा मार्गही सहजी सुचत नाही. परंतु ठराविक नकाशात तीन गोष्टी कधीच मावत नाहीत: त्या गावची माती, त्या गावचे पाणी आणि त्या गावच्या आकाशातून सूर्याचे जाणे.

प्रथम मातीचे पाहू. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. बांधकाम करणारा मात्र ते कित्येकदा विसरतो. उथळ पायावर उभी केलेली भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते, आणि सर्व भिंत सारखी उचलली जात नसल्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले खांब जमिनीत ओतून त्यांवर तुळई ठेवण्याची पद्धत रूढ केली. माती जेथवर फुगते-आकसते, त्याच्या खाली हे खांब पोहोचतात. ही पद्धत खर्चाची वाटली तर काळी माती काढून पायात मुरूम भरणे, पायाच्या वर सलग तुळई घेणे, हे तरी झालेच पाहिजे. आणि इमारत उभी राहिल्यानंतर जे करावयाचे ते शिक्षकाच्याच हाती असते. भिंतीलगत पाणी साचू न देणे, पागोळ्यांचे पाणी दूर नेणे, भोवती फरशीचा उतरता पट्टा राखणे. वृक्षारोपणाच्या उत्साहात भिंतीला खेटून पिंपळ-वड लावण्याची चाल तर सोडलीच पाहिजे. झाडाची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात आणि माती आणखी आकसते. सावलीचे झाड हवेच, पण मैदानाच्या कडेला.

दुसरे पाण्याचे. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी पिण्यास वाईट, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच पाणी इमारतीलाही वाईट, हे तितकेसे ठाऊक नाही. सळई घातलेल्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक ४५६ (सन २०००) सांगते. मिठाचा अंश आत राहिला की सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचे सिमेंट ढलप्यांनी सोडते. आठ-दहा वर्षांतच छताच्या खालच्या बाजूने लाल सळई दिसू लागते आणि मग ते छत मुलांच्या डोक्यावर केव्हा पडेल याची धास्ती घेऊन शिक्षक फळ्याकडे पाठ करून उभा राहतो. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच व्हावयास हवी, यात शंका नाही. तथापि जे पाणी जिभेला खारट लागते ते तपासणीवाचून स्लॅबमध्ये जाऊ देऊ नये, एवढे सांगण्यास शिक्षकाला पदवी लागत नाही. भिंतीला खालून लोणा लागून गिलावा सुटतो तोही याच खारामुळे. त्यावर दर दिवाळीला रंगाचा हात देणे म्हणजे जखमेवर चुना फासणे होय.

तिसरी गोष्ट सूर्याची. जळगाव जामोद साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. जुलैच्या मध्यात पुन्हा एकदा तसे घडते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारचे ऊन भिंतीवर फारसे पडत नाही, ते छतावर पडते. भिंतींना जे भाजते ते सकाळचे व विशेषतः दुपार कलल्यानंतरचे तिरपे ऊन. यास्तव इमारतीच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या व आखूड भिंती पूर्व-पश्चिम बाजूंस असाव्यात, पश्चिमेला खिडकी शक्यतो नसावी, आणि दक्षिणेला व्हरांडा असावा म्हणजे हिवाळ्याचे खाली उतरलेले ऊनही डोळ्यांवर येत नाही. हे करण्यास एक पैसाही अधिक पडत नाही. केवळ नकाशा जमिनीवर ठेवताना तो फिरवून ठेवावा लागतो. पण जागा रस्त्याकडे तोंड करून दिसली पाहिजे, फाटकातून आल्याबरोबर नावाची पाटी वाचता आली पाहिजे, या हौसेपायी कित्येक शाळा पुढची पन्नास वर्षे पश्चिमेचे ऊन अंगावर घेत बसतात. पत्र्याच्या छताबद्दल वेगळे बोलावयास नको. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पावसाची पहिली सर आली की पत्र्याखालील वर्गात शिक्षकाचा शब्द दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा करूनही दहानंतर खोलीत बसवत नाही. जुन्या कवेलूच्या छपराखाली हे दोन्ही ताप कमी होते, हे वडीलधाऱ्या शिक्षकांना आठवत असेल.

आता पिण्याच्या पाण्याचा एक हिशेब मांडण्यासारखा आहे, कारण तो मुलांकडूनही करून घेता येईल. वान धरणाचे पाणी आणण्याची १४० गावांची योजना या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु नळ असला तरी तो रोज वाहतोच असे नाही. दोन खोल्या व व्हरांडा मिळून छप्पर १०० चौरस मीटर धरू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छपरावर ७०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ५६,००० लिटर उरते. शाळेत १२० मुले असली, दर मुलास रोज दोन लिटर पाणी लागले आणि शाळेचे दिवस २०० धरले, तर वर्षाची गरज ४८,००० लिटरची. म्हणजे ज्या छपराखाली मूल शिकते, तेच छप्पर त्याची वर्षाची तहान भागवू शकते! पावसाळ्यात पाणी येत-जात राहते, म्हणून साठवण सर्व वर्षाची लागत नाही. पावसाळ्यानंतरचे शाळेचे १३० दिवस धरले तर सुमारे ३१,००० लिटर, म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद व अकरा फूट उंच एवढी जागा. तेवढी एकच टाकी न करता इमारतीच्या सावलीत लहान टाक्या केल्या तर बरे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, तोंडाशी गाळणी असावी, झाकण घट्ट असावे, पाणी निर्जंतुक करून द्यावे. हा सर्व विचार नंतर करावयाचा म्हटला तर पन्हळ कोठे लावावी येथून अडचणी सुरू होतात. आराखड्यातच असला तर छताचा उतार आपोआप त्या बाजूस ठेवला जातो.

मुलींच्या शौचालयाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी इमारतीचा नसून या पाण्याचाच असतो. खोली आहे, दार आहे, कुलूपही आहे. पाणी नाही म्हणून कुलूप. वयात आलेली मुलगी महिन्यातून काही दिवस घरी राहते, मग अभ्यासात मागे पडते, आणि हजेरीपटावर तिचे नाव कमी होते तेव्हा कारणाच्या रकान्यात 'घरकाम' असे लिहिले जाते.

उताराच्या वाटेचेही असेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण ही शाळेच्या इमारतीची अंगे ठरविली. तेव्हापासून पायऱ्यांशेजारी उतार दिसू लागला. पण जोत्याची उंची दीड फूट असेल तर एकास बारा या प्रमाणाने उतार अठरा फूट लांब हवा. सात-आठ फुटांत उरकलेला उतार कागदावर असतो. चाकाच्या खुर्चीवरील मूल त्यावरून स्वतः चढू शकत नाही आणि मतदानाच्या दिवशी म्हातारा मतदारही त्यावरून घसरतो.

स्वयंपाकघराविषयी मात्र थोडे थांबून बोलणे अवश्य आहे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली. छप्पर शाकारलेले होते, इमारतीत दाटी होती, बाहेर पडण्यास वाटा पुरेशा नव्हत्या. ९४ मुले दगावली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा मुलाच्या शिक्षणहक्काचाच भाग आहे असे ठरविले आणि अग्निसुरक्षेविषयी देशभरातील शाळांना निर्देश दिले. चूल वर्गापासून वेगळी असणे, तिचा धूर वाऱ्याच्या दिशेने वर्गात न येणे, खोलीचे दार बाहेरच्या बाजूस उघडणे, व्हरांड्याच्या टोकाशी मोडकी बाके रचून वाट न अडविणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. त्यांपैकी शेवटची तर पूर्णतः मुख्याध्यापकाच्या अखत्यारीतली आहे.

येथे कोणी म्हणेल की, पूर्वीची माणसे स्थानिक माती-दगडाने बांधीत होती तेच बरे होते. या म्हणण्यास विदर्भात मोठा आधार आहे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हा त्यांच्यासाठी उभी झालेली कुटी परिसरातील माती, बांबू व कवेलू यांचीच होती, आणि खर्चाला त्यांनी स्वतः मर्यादा घातली होती. ती कुटी आजही पाहणाऱ्यास अंतर्मुख करते. परंतु 'स्थानिक' हा शब्द उच्चारला की काम झाले, असे समजणे धोक्याचे आहे. याचा फार कडू पुरावा मराठवाड्याने दिला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. ज्या घरांनी त्यांना मारले ती स्थानिक दगडामातीचीच होती. दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, आत-बाहेर दगडाचे दोन थर, मध्ये माती व कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नाहीत. वर माळवदाचे जड छत, आणि गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी त्यावर टाकलेली आणखी माती. लाकडी खणाचे सांगाडे पुष्कळ ठिकाणी उभेच राहिले. भिंती मात्र आत-बाहेर कोसळल्या. भारतीय द्वीपकल्पाचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात असे, म्हणून सावधगिरीची परंपराच तेथे निर्माण झाली नव्हती.

त्यानंतर जे घडले ते इमारतींचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासण्याजोगे आहे. पन्नासावर गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. मदतीचा ओघ मोठा होता, हेतू शुद्ध होता, घरे पक्की झाली. जमिनीच्या धारणेनुसार घराचे क्षेत्र ठरले: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. शहराच्या वसाहतीसारखे सरळ रुंद रस्ते आखले गेले. पण मराठवाड्याचे गाव वाड्यांचे आणि बोळांचे होते. बोळात सावली असे, ओट्यावर शेजार असे. नव्या गावात भाऊबंद दूर फेकले गेले, बैल बांधावयास जागा उरली नाही, धान्याचे बळद कोठे असावे हे नकाशा काढणाराला ठाऊकच नव्हते. माणसांनी मग हळूहळू पत्रे, कुडे, जुने दरवाजे आणून घरापुढे आडोसे उभे केले आणि आपले गाव त्या सरळ रेषांत पुन्हा घुसविले. भूकंपापासून वाचविणारे घर आणि जगण्यास सोयीचे घर या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एकीच्या भीतीने दुसरी कोणी विचारलीच नाही.

त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र वेगळ्या रीतीने झाला. जी गावे हलविली नाहीत, तेथील घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती, आणि अशी गावे हजाराहून अधिक होती. या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचे नियम काय आहेत, भिंतीच्या कोपऱ्याला पट्टा का बांधावयाचा, लांब दगड कोठे घालावयाचा, हे त्या घरोघरी समजावून सांगत आणि घरच्यांची अडचण अभियंत्यापर्यंत नेत. येथे घर बांधणाराच घरात राहणारा होता. स्त्रिया गवंडीकामावर देखरेख करू लागल्या, ही गोष्ट त्या भागात नवीच होती. पैसा आणि तंत्र दोन्हीकडे होते. फरक एवढाच की एकीकडे राहणाऱ्याला घर दिले आणि दुसरीकडे त्याला विचारले.

सातपुडा ओलांडून गेले की इंदूर येते. तेथील अरण्य या वसाहतीचा उल्लेख येथे करण्यासारखा आहे. पुण्यास जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांनी १९८० च्या दशकात तिची रचना केली. गरिबातील गरीब कुटुंबासाठी त्यांनी पूर्ण घर बांधले नाही. आखलेला भूखंड, जोते, नळ, शौचालय एवढे दिले आणि पुढचे ज्याने त्याने आपापल्या कमाईप्रमाणे वाढवीत न्यावे, अशी योजना केली. शाळेच्या बाबतीत हा विचार उपयोगी पडतो. आज पटसंख्या पुरते दोनच खोल्यांना, परंतु पुढच्या खोलीची जागा, तिचा पाया, तिच्याकडे जाणारा व्हरांडा आजच आखून ठेवला तर दहा वर्षांनी नवी खोली मैदानाच्या छातीवर उभी राहत नाही. ई-क्लासच्या जमिनीचा जो तुकडा शाळेच्या वाट्याला येतो तो पुष्कळदा नाल्याकाठचा, सखल, गावाला नको असलेला असतो. तेथे जोते किती उंच घ्यावयाचे, हे नकाशात न पाहता गावातील म्हाताऱ्यास 'पुराचे पाणी कोठवर आले होते?' असे विचारूनच ठरविले पाहिजे.

इमारतच शिकविण्याचे साधन व्हावी, या कल्पनेवर वास्तुविशारद कबीर वाजपेयी व त्यांच्या 'विन्यास' संस्थेने केलेले काम 'बाला' या नावाने जिल्हा परिषदांच्या शाळांत आज परिचित आहे. दार उघडते तेथे जमिनीवर कोनमापक, खिडकीच्या गजांवर मोजणी, पायरीवर संख्यारेषा. ही कल्पना चांगली आहे. तिचे रूपांतर केवळ भिंती रंगविण्यात होऊ लागले आहे, हे तितकेसे चांगले नाही. ज्या वर्गात मूल फळा नीट पाहू शकत नाही, त्याच्या भिंतीवर आगगाडी काढल्याने उजेड वाढत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो शिक्षकाचे कोण ऐकतो, हा. मंजुरी वर होते, ठेकेदार बाहेरून येतो, शिक्षकाच्या वाट्यास इमारत ताब्यात घेतल्याची सही तेवढी येते, ही तक्रार खोटी नाही. तथापि कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते; तिच्या सदस्यांपैकी तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात; आणि कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. अनुदानाचा आधार म्हणून हाच आराखडा धरावयाचा असतो. बहुतेक ठिकाणी तो एका संध्याकाळी, मागच्या वर्षीचा समोर ठेवून, लिहिला जातो. त्यात 'दोन वर्गखोल्या' एवढेच मागितले तर दोन वर्गखोल्याच मिळणार. 'पश्चिमेस खिडकी नसलेल्या, पावसाचे पाणी टाकीत घेणाऱ्या, पुराच्या खुणेच्या दोन फूट वर जोते असलेल्या' असे मागितले तर निदान कोणाला तरी लेखी नकार द्यावा लागेल, आणि लेखी नकार देणे हे तोंडी दुर्लक्षाइतके सोपे नसते.

असे मागावयाचे तर आधी पाहून ठेवलेले असले पाहिजे. एक साधी वही पुरते. पहिल्या पावसात पाणी कोणत्या बाजूने आले, कोणती चीर केव्हा रुंदावली, दुपारी कोणत्या बाकावर ऊन आले, कोणती मुलगी कोणत्या दिवशी दुपारनंतर घरी गेली, स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी पाणी किती लांबून आणले, मतदानाच्या दिवशी कोणाला उचलून आत न्यावे लागले. अभियंता दोन वेळा येतो, ठेकेदार काम संपेपर्यंत असतो. बारा महिने त्या छपराखाली राहतो तो शिक्षक. समितीने विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर तयार करावा अशी नियमांची अपेक्षा आहे. जूनअखेर शाळा उघडल्याबरोबर सुरू केलेल्या वहीत तोपर्यंत पावसाळा व थंडीचा आरंभ येऊन गेलेला असतो. उन्हाळ्याची पाने तेवढी मागील वर्षीच्या आठवणीवरून भरावी लागतील; त्यासाठी मुलांना विचारावे, त्यांना कोणता बाक तापतो हे चांगले आठवते.